लॅप केलेला पिस्टन, बिडाची रिंग की ओ-रिंग?

मॉडेल इंजिनाचं ड्रॉइंग हातात आलं की पहिली नजर जाते क्रँकशाफ्टवर आणि फ्लायव्हीलवर. मोठं काम तिथे दिसतं, म्हणून धास्तीही तिथलीच वाटते. पण इंजिन पेट घेणार की नुसतंच फिरत राहणार, याचा निकाल पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधल्या फटीत लागतो. ती फट बंद करायचे छोट्या वर्कशॉपला जमतील असे तीन मार्ग आहेत. पिस्टन लॅप करून, म्हणजे बारीक घासणाऱ्या पावडरीनं माप आणून, थेट बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भोकाला) जुळवायचा, पिस्टनवर बिडाच्या रिंगा चढवायच्या, किंवा रबरी ओ-रिंग बसवायची. यातला कोणता, हे पहिला कट घेण्याआधीच ठरवा. सिलिंडर कोणत्या धातूचा, पिस्टन कोणत्या धातूचा, बोअरला फिनिश कसलं, हे सगळं त्यावर अवलंबून आहे.

आधी आकाराचा हिशेब. इंजिन सर्व बाजूंनी निम्मं केलं की सिलिंडरचं आकारमान आठपट घटतं, पण बोअरचा परीघ फक्त निम्मा होतो. म्हणजे कोंडलेल्या हवेच्या मानानं गळतीची वाट चौपट होते. मोठ्या इंजिनात खपून जाणारी फट 12 मिमी बोअरमध्ये सगळं कॉम्प्रेशन, म्हणजे कोंडलेल्या हवेचा दाब, खाऊन टाकते. त्यात इंजिन हातानं सुरू करायचं असेल तर वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे हवेला निसटायला वेळ भरपूर. ठिणगीवर चालणारं इंजिन हे थोडंफार सहन करतं. ईथर, रॉकेल आणि तेलाच्या मिश्रणावर चालणारं छोटं मॉडेल डिझेल मात्र केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर पेटतं. हातानं झटका दिला त्याच क्षणी कॉम्प्रेशन टिकलं पाहिजे, दुसरा आधार त्याला नाही.

म्हणूनच 15 मिमीच्या आतल्या बोअरचं दोन स्ट्रोकचं डिझेल करायचं असेल, तर लॅप केलेला पिस्टनच घ्या. बारीक कणांच्या बिडाचा पिस्टन आणि पोलादी सिलिंडर ही जोडी फार जुनी आहे, आणि ती टिकली त्याला कारण आहे. पोलाद अंशाला मीटरमागे साधारण 12 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रसरण पावतं, बीड 11 च्या आसपास. चालत्या इंजिनात पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्त तापतो, पण बीड किंचित कमी फुगतं. दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खोडून काढतात आणि फट जवळजवळ थंड असताना होती तेवढीच राहते. ॲल्युमिनियमचा पिस्टन इथे बसवला तर गणित कोसळतं, कारण ॲल्युमिनियमचा आकडा 23 आहे.

लॅपिंगला यंत्र फारसं लागत नाही, धीर लागतो. बोअर करताना शेवटचे एक-दोन शतांश मिलिमीटर राखून ठेवायचे. मग तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, फुगवता येईल असा चिरलेला लॅप, म्हणजे घासायची दांडी, घ्यायची, बोअरहून लांब, आणि तिला पावडर चोळून बोअरमध्ये पुढेमागे फिरवायची. लॅप जॉबपेक्षा, म्हणजे घासल्या जाणाऱ्या भागापेक्षा, मऊच हवा. कण लॅपमध्ये रुतून बसले पाहिजेत, जॉबमध्ये नाही. आधी जाड पावडर, मग बारीक, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी सगळं रॉकेलनं धुऊन काढायचं. पिस्टनसाठी बाहेरून आवळता येणारी कडी वेगळी करायची. पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांतच पावडर लावून घासणं हा सोपा वाटणारा रस्ता मात्र घेऊ नका. बोअरचं तोंड भोंग्यासारखं उघडतं, पिस्टनची कड गोल होते, आणि दोन्ही जॉब जातात.

बोअर वरच्या टोकाला काही मायक्रॉन अरुंद ठेवतात, कारण इंजिन चालताना वरचा भाग जास्त तापून जास्त उघडतो. हा टेपर साध्या मायक्रोमीटरला नीट सापडत नाही, बोटांना सापडतो. दोन्ही भाग धुऊन कोरडे करा आणि पिस्टन खालून आत सोडा. खालच्या भागातून तो अलगद सरकला पाहिजे आणि वर जाताजाता आपसूक अडला पाहिजे. मग पातळ तेलाचा थेंब लावा, वरचं तोंड अंगठ्यानं घट्ट बंद करा आणि पिस्टन दाबा. जोडी जमली असेल तर तो स्प्रिंगवर बसल्यासारखा उसळून परत येतो. हा अनुभव आला की पुढचं इंजिन करायचा हुरूप आपोआप येतो.

लॅपचा तोटा असा की तो काहीच माफ करत नाही. सिलिंडर हेडचे स्क्रू कमीजास्त आवळले की लायनर (सिलिंडरची आतली नळी) ओव्हल होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. सिलिंडरला पाणी देऊन तो कडक करायचा असेल तर ते लॅपिंगच्या आधी, कारण हार्डनिंगमध्ये तो थोडा तरी वाकतोच. शिवाय पिस्टन बिडाचा असल्यामुळे मोठ्या बोअरला तो जड होतो. बिडाची घनता ॲल्युमिनियमच्या अडीचपटीहून जास्त आहे, आणि ते वजन दर फेरीला दोनदा थांबवून उलट फिरवायचं असतं.

बोअर 20 ते 25 मिमी झाला, चार स्ट्रोकचं इंजिन आहे, की तराजू रिंगांकडे झुकतो. पिस्टन आता हलका, ॲल्युमिनियमचा करता येतो. 25 मिमी बोअरमध्ये ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि बिडाचा सिलिंडर दोन्ही 150 अंशांनी तापले, तर फट साधारण 45 मायक्रॉननं कमी होते. पिस्टन त्याहून जास्तच तापतो. त्यामुळे थंड असताना फट ऐसपैस ठेवावीच लागते, आणि ती झाकायचं काम रिंगांचं.

रिंग करताना बिडाच्या बारचा बाहेरचा व्यास बोअरच्या मापाला आणायचा, आतून पोकळ करायचा आणि पार्टिंग टूलनं पातळ चकत्या काढायच्या. 25 मिमीला जाडी आणि रुंदी एकेक मिलिमीटरच्या आसपास पुरते. मग रिंग करवतीनं कापायची नाही, तोडायची. बीड ठिसूळ असल्यामुळे ती स्वच्छ तुटते आणि मधे धातू वाया जात नाही. तुटलेली टोकं घासून बोअरमध्ये बसल्यावर 0.08 ते 0.1 मिमी अंतर राहील असं करायचं. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून बघायचं. हे अंतर शून्य ठेवलं तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते किंवा बोअर ओरबाडते.

आता रिंगला ताण द्यायचा. जॉर्ज ट्रिंबल यांची पद्धत मॉडेल इंजिनवाल्यांत फार मानली जाते. रिंगची टोकं ठरावीक मापाच्या खुंटीवर उघडी ठेवायची, फिक्स्चरमध्ये आवळायची आणि सगळं मंद लाल होईपर्यंत तापवायचं. निवल्यावर रिंग तशीच उघडी राहते आणि बोअरमध्ये दाबून बसवली की सगळीकडे सारखा दाब देते. फिक्स्चर बंद असलेलं बरं, हवा लागली तर रिंगवर पापुद्रा धरतो. एका इंजिनाला दोन रिंगा लागत असतील तर सहा तरी करा. पातळ बीड चढवतानासुद्धा तुटतं.

दोन स्ट्रोकच्या इंजिनात रिंग वापरायचीच असेल तर ती फिरू नये म्हणून खाचेत बारीक पिन हवी, नाहीतर उघडं टोक पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या खिडकीत) अडकून मोडतं. लॅपला गुळगुळीत बोअर लागतो, तसा इथे नको. होननं (बोअर घासायच्या दगडी हत्यारानं) काढलेल्या आडव्या-तिरक्या रेघा असल्या की तेल टिकतं आणि रिंग लवकर बसते.

ओ-रिंगचं थोडक्यात सांगता येईल. व्हायटॉन रबर साधारण 200 अंशांपर्यंत तग धरतं, साधं नायट्राइल 100 च्या आसपास थकतं. म्हणून घ्यायची तर व्हायटॉनच, आणि इंजिन पाण्यानं थंड होणारं, मिनिटाला काहीशे फेऱ्यांचं हवं. खाच रुंद ठेवायची आणि रबर अगदी हलकं चेपायचं. 2.62 मिमी जाडीच्या ओ-रिंगला 0.1 ते 0.15 मिमी चेपणं पुरतं, बाकी सील स्फोटाचा दाबच घट्ट करतो. बोअर थोडासा कमीजास्त असला तरी चालतं, आणि कॉम्प्रेशन पहिल्याच दिवशी मिळतं. मात्र सिलिंडरमध्ये पोर्ट असतील तर विषय संपला, पोर्टच्या कडा रबर सोलून काढतात. हिट-अँड-मिस इंजिनातही (वेग उतरला तरच स्फोट घेणाऱ्या) विचार करून वापरा. त्याची सगळी मजा दोन स्फोटांच्या मधल्या निवांत फेऱ्यांत असते. रबराचं घर्षण त्या फेऱ्या कमी करतं.

हे तुमचं पहिलंच इंजिन असेल आणि लेथवर हात बसलेला असेल, तर माझं मत पाण्याच्या टाकीचं, 25 मिमीच्या आसपास बोअरचं, चार स्ट्रोकचं इंजिन आणि बिडाच्या रिंगा. ओ-रिंगपेक्षा काम वाढतं, पण जे शिकाल ते पुढच्या प्रत्येक इंजिनाला लागतं. इग्निशन, व्हॉल्व्ह आणि कार्ब्युरेटर यांच्यातला दोष शोधताना कॉम्प्रेशनची शंका मधे नको असेल, तर आधी ओ-रिंगचा पिस्टन करा, इंजिन चालवा आणि रिंगांचा दुसरा पिस्टन सावकाश करा. बोअर तोच राहतो, फक्त एकदा हलका होन फिरवून घ्यायचा. डिझेलनं मात्र सुरुवात करू नका, जोवर हाती 0.001 मिमी वाचणारा मायक्रोमीटर नाही आणि दोन-तीन बोअर लॅप करून पाहिलेले नाहीत.

रिंगांच्या मार्गानं जाल तर पिस्टनवर चढवण्याआधी प्रत्येक रिंग बोअरमध्ये सरळ बसवा, मधली जागा गोल चकतीनं झाका आणि पलीकडे दिवा धरा. टोकांच्या फटीखेरीज कडेला कुठेही उजेडाची रेघ दिसली तर ती रिंग बाजूला ठेवा आणि दुसरी घ्या.