एआयचा स्वतंत्र पेपर, की चालू विषयांतच?

कायद्याच्या पदवी अभ्यासक्रमात एआय आणायचं ठरलं, की पहिला वाद जागेवरून होतो. वेगळा ऐच्छिक पेपर ठेवायचा, की पुरावा, करार, फौजदारी कायदा याच विषयांत तो मुरवायचा? माझा कौल मुरवण्याकडे आहे, पण बिनशर्त नाही.

स्वतंत्र पेपरला सलग वेळ मिळतो, हे त्याचं खरं बळ. लूमिस खटला घ्या. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा ठरवताना ‘कॉम्पास’ सॉफ्टवेअरने दिलेला, आरोपी पुन्हा गुन्हा करण्याच्या धोक्याचा अंदाज विचारात घेऊ दिला. फक्त शिक्षा निव्वळ त्यावर बेतू नका, असं बजावलं. अंदाजाचं सूत्र कंपनीचं गुपित, त्यामुळे आरोपीला ते तपासता आलं नाही. त्याच वर्षी प्रोपब्लिका या अमेरिकी शोधपत्रकारिता संस्थेने फ्लोरिडातल्या एका काउंटीतले (जिल्ह्यासारखा भाग) कॉम्पासचे अंदाज तपासले. पुन्हा गुन्हा न केलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के कृष्णवर्णीयांवर जास्त धोक्याचा शिक्का बसला होता. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण सुमारे २३ टक्के. कंपनीचं म्हणणं असं, की जास्त धोक्याचे ठरवलेल्यांपैकी पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे फळ्यावर आकडे मांडून दाखवायला दोन तास जातात. पुराव्याच्या तासाला एवढी उसंत कुठून आणणार?

पण ऐच्छिक पेपरला मुळात गोडी असलेलीच मुलं येतात. उद्या हे साधन डोळे झाकून वापरणारी मुलं वर्गाबाहेरच राहतात, आणि मला काळजी त्यांची आहे.

२०२३ च्या माता विरुद्ध एव्हियांका खटल्यात न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल झाले आणि ५,००० डॉलर दंड बसला. वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, हा निवाडा खरा आहे का? ते ‘हो’ म्हणालं. ही गोष्ट नुसती सांगितली, तर मुलं हसतात आणि विसरतात. त्याऐवजी कराराच्या तासाला यंत्राने लिहिलेलं टिपण वाटा आणि त्यातला प्रत्येक संदर्भ मूळ निवाड्यात शोधायला लावा. नाव बरोबर, वर्ष बरोबर, पण अवतरण दिलेला परिच्छेद भलतंच काही सांगतो, किंवा ते वाक्य बहुमताचं नसून असहमतीच्या निकालपत्रातलं निघतं. बोट ओळीवर ठेवून मुलं गप्प होतात. ही सवय एका सत्रात लागत नाही. ती प्रत्येक विषयात, दरवर्षी घासावी लागते.

अट शिक्षकांची आहे. मुरवणं कागदावरच राहिलं, तर प्रत्येक विषयाच्या शेवटी तीच चार स्लाइड फिरतात. विभागात एकच जण तयार असेल, तर वेगळा पेपरच घ्या, मात्र तो सक्तीचा ठेवा. तिघं-चौघं तयार असतील, तर पहिल्या वर्षापासून मुरवा आणि कॉम्पाससाठी शेवटच्या वर्षात चार-पाच तास राखून ठेवा.