काळ्या पिल्लांच्या डोक्यावरचा पांढरा ठिपका

गेल्या वर्षी फेब्रुवारीत इंदूरमधल्या एका कोंबडी-खाद्याच्या दुकानातून मी कडकनाथची म्हणून १०० पिल्ले विकत घेतली. ती कडकनाथची नव्हती, पैसे मोजूनही त्यांना लस दिलेली नव्हती, आणि त्यांतली ३१ पहिल्या सात दिवसांतच मेली. बत्तीस वर्षे एका कार्यालयाच्या लेखा विभागात दुसऱ्यांची बिले तपासण्यात घालवलेल्या बाईने हे लिहावे यात मला थोडी लाज वाटते; परंतु या वर्षी आमच्या ओळखीतली आणखी दोन कुटुंबे त्याच तऱ्हेने फसल्याचे कळले, म्हणून काय घडले ते क्रमाने लिहून ठेवत आहे.

आमचे घर सुदामा नगरात आहे आणि खंडवा रस्त्यावर सिमरोलजवळ दोन बिघे जमीन आहे. निवृत्तीनंतर तिथे थोड्या कोंबड्या पाळाव्यात, घरापुरती अंडी व्हावीत आणि जास्तीची ओळखीच्या लोकांना द्यावीत, एवढाच विचार होता. (सासूबाई असेपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात अंडे आलेले नव्हते; तो विषय वेगळा.) इंदूरच्या माणसाला कोंबडी म्हटली की कडकनाथच आठवतो, कारण झाबुआ इथून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे. झाबुआ-अलीराजपूर भागातल्या भिल्ल आणि भिलाला लोकांनी सांभाळलेली ही जात; तिकडे तिला कालामासी म्हणतात, कारण पिसे, कातडी, मांस, अगदी आतले अवयवदेखील काळपट असतात. २०२० मध्ये महेंद्रसिंह धोनीने रांचीच्या आपल्या शेतासाठी झाबुआहून दोन हजार पिल्ले मागवल्याच्या बातम्या आल्या, आणि तेव्हापासून तर जो तो कडकनाथचेच नाव घेऊ लागला.

दुकान बाजारातल्या एका गल्लीत होते. त्याचे नाव मी लिहीत नाही आणि कोणी विचारूही नये. दुकानदार अस्खलित मराठी बोलणारा होता. त्याने पहिल्याच वाक्यात मला ‘काकू’ म्हटले आणि दुसऱ्या वाक्यात “आपल्या माणसांना मी बाजारातला माल देत नाही” असे सांगितले. इंदुरात दिवसभर हिंदीत व्यवहार केल्यावर गल्ल्यावरचा माणूस मराठीत बोलला की आपण निम्मी चौकशी तिथेच सोडून देतो. ती मीही सोडली. गल्ल्यामागे भिंतीवर प्लास्टिकमध्ये बंद केलेली एका प्रमाणपत्राची छायाप्रत टांगलेली होती. तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, “हे बघा, सरकारी मानांकनाचा माल आहे.”

या कागदाबद्दल इथेच सांगितले पाहिजे, कारण फसवणुकीचा पाया तोच होता. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते झाबुआच्या कडकनाथ कोंबडीच्या काळ्या मांसाला. ते एका प्रदेशातल्या उत्पादनाचे नाव राखण्यासाठी आहे. एखाद्या खोक्यातली पिल्ले शुद्ध जातीची आहेत, निरोगी आहेत किंवा त्यांना लस दिली आहे, यांपैकी काहीही त्या प्रमाणपत्राने सिद्ध होत नाही. त्याची छायाप्रत कोणीही काढू शकतो. मी ती चष्मा लावून वाचली, तारीख पाहिली, शिक्का पाहिला आणि समाधानाने मान हलवली. ज्या उबवणी केंद्रातून पिल्ले येणार होती त्याचे नाव त्या कागदावर कुठेच नव्हते, हे मात्र माझ्या लक्षात आले नाही.

दर ठरला पिल्लामागे ८५ रुपये आणि लसीचे वेगळे ५ रुपये, म्हणजे एकूण ९,००० रुपये. त्यांपैकी निम्मे मी मोबाइलवरून आगाऊ भरले. बुधवारी पहाटे झाबुआच्या बसने खोकी गंगवाल बसस्थानकावर उतरतील आणि दहा वाजेपर्यंत दुकानात येतील, असे त्याने सांगितले. मी साडेदहाला पोहोचले तेव्हा खोके आधीच तिथे होते. पुठ्ठ्याच्या त्या खोक्यावर ना उबवणी केंद्राचे नाव होते, ना पिल्ले अंड्यातून निघाल्याची तारीख, ना लसीचा बॅच क्रमांक. आत १०४ पिल्ले निघाली. शंभरामागे दोन जास्त देण्याची रीत आहे हे मला ठाऊक होते. इथे चार जास्त मिळाली म्हणून मी त्याचे आभार मानले. बिलावर त्याने लिहिले, “चूजे, १०४ नग.” जात लिहिली नाही, आणि मीही लिहायला सांगितले नाही.

पिल्ले काळीभोर होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर एक पांढरा ठिपका होता. मला तो फार गोड वाटला. मी छायाचित्र काढून बहिणीला पुण्याला पाठवले.

त्याच दुकानातून मी चूजांच्या खाद्याचे ५० किलोचे पोतेही घेतले. त्याची शिवण दोन रंगांच्या दोऱ्यांची होती. शेतावर पोते उघडल्यावर मक्याला कुबट वास आला आणि तळहातावर घेतलेल्या भरड्यात चुनखडीचे पांढरे खडे दिसले. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कवचासाठी कॅल्शियम साडेतीन-चार टक्क्यांच्या घरात ठेवतात. पिल्लांना त्याच्या साधारण चौथाई पुरते आणि जास्तीचे त्यांच्या मूत्रपिंडांवर जाते. म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे जुने खाद्य पिल्लांच्या पोत्यात भरून पुन्हा शिवलेले होते. ते पोते मी वापरले नाही, महूहून दुसरे आणले. पोत्याचा अनुभव आल्यावर तरी खोक्याविषयी शंका यायला हवी होती, पण माणूस पोते बदलतो आणि मनाची समजूत घालतो.

पहिल्या रात्री सहा पिल्ले मेली. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या जागेत, तापमापक होता, आणि जुनी सवय म्हणून मी दर तीन तासांनी वहीत नोंद करत होते: ३३, ३४, ३३ अंश. दुसऱ्या दिवशी आणखी पाच गेली. काहींचे पोट फुगून मऊ झाले होते, बेंबीवर ओलसर काळी खपली होती, आणि शेपटीखाली पांढरी विष्ठा चिकटून वाट बंद झाली होती. फोनवर दुकानदार म्हणाला, “काकू, गर्मी कमी पडली असेल, चूजे ठंडीने मरतात,” आणि ग्लुकोज, जीवनसत्त्वे व एक प्रतिजैविक मिळून ६४० रुपयांची औषधे माथी मारली. पाचव्या दिवशी दोन मेलेली पिल्ले पिशवीत घालून मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेली. तिथल्या डॉक्टरांनी माझ्यासमोर पोट उघडून दाखवले. आत न जिरलेला बलक होता, हिरवट आणि दुर्गंधी येणारा.

त्यांनी जे समजावले ते पिल्ले घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. अंड्यातून निघण्याच्या सुमारास उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि बेंबी बंद होते. त्या शिदोरीवर पिल्लू दोन दिवस, क्वचित तीन दिवसही, दाण्यापाण्यावाचून निभावते; म्हणूनच पिल्ले बसने आणि रेल्वेने दूरवर पाठवता येतात. उबवणीचे यंत्र घाणेरडे असले, मळकी अंडी लावली, किंवा बेंबी नीट मिटायच्या आत पिल्ले खोक्यात भरली, की जंतू बेंबीतून आत शिरतात आणि तोच बलक नासतो. थंडी लागूनही बलक जिरत नाही, हे डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले. परंतु माझी नोंदवही आणि बेंबीवरच्या खपल्या पाहून त्यांचा कल उबवणी केंद्राकडेच होता. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट अधिक लागली. विकणाऱ्याला ही दोन दिवसांची शिदोरी पक्की ठाऊक असते. रोगट पिल्लूही त्या दोन दिवसांत खोक्यात चिवचिवाट करत असते, आणि तेवढ्यात पैसे हातात पडलेले असतात. जास्तीची चार पिल्ले कशासाठी होती, हे मला महूहून परतताना गाडीत उमगले.

त्या खोक्यासमोर उभी असताना मी एकही पिल्लू हातात घेऊन उलटे केले नव्हते. तळहातावर उताणे धरले की बेंबी दिसते. ती कोरडी आणि मिटलेली हवी, तिथे काळा दोरा किंवा ओल नको. शेपटीखालची पिसे स्वच्छ हवीत. पायांच्या नळ्या टवटवीत हव्यात. त्या सुकून शिरा उठून दिसत असतील तर पिल्लू बराच काळ पाण्यावाचून आहे. जमिनीवर उताणे ठेवले की निरोगी पिल्लू दोन-तीन सेकंदांत पायांवर उभे राहते. दहा पिल्ले अशी पाहायला पाच मिनिटे पुरतात, आणि ज्या दुकानदाराला ती पाच मिनिटे द्यायची नसतात, त्याचे कारण त्यालाच ठाऊक असते.

उरलेल्या ७३ पिल्लांपैकी आणखी चार गेली आणि बाकीची जोमाने वाढू लागली, इतक्या जोमाने की तेही खटकायला हवे होते. कडकनाथ सावकाश वाढणारा पक्षी आहे. चौथ्या आठवड्यात काळ्या पिसांमध्ये पांढरे पट्टे दिसू लागले. दुकानदाराचे उत्तर तयार होते: “मोठे झाल्यावर काळे होतात.” सहाव्या आठवड्यात तुरे फुटले ते लालभडक. शेतावर राखणीला असलेले काका झाबुआ जिल्ह्यातले आहेत. होळीसाठी गावी गेले होते ते तेव्हा परतले. त्यांनी एक पक्षी काखेत धरला, अंगठ्याने चोच उघडली आणि माझ्यासमोर धरून एवढेच विचारले, “बाईजी, जीभ देखी?” जीभ गुलाबी होती. कडकनाथचा तुरा, गळ्याखालच्या लोळ्या आणि जीभ जांभळट काळ्या असतात. पायाचे तळवेही करडे असतात. त्याच्या लहान पिल्लाच्या निळसर काळ्या पाठीवर गडद, अनियमित पट्टे असतात. डोक्यावर पांढरा टिळा नसतो.

मग त्या ठिपक्याचा अर्थ लागला. अंड्यांसाठी केलेल्या काही संकरांत पहिल्याच दिवशी रंगावरून नर-मादी ओळखता येते: मादी पिल्ले काळी निघतात, आणि नर काळे असूनही त्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, पुढे या नरांना काबरी, पट्टेरी पिसे येतात. अंड्यांच्या धंद्यात नराला काही मोल नसते, म्हणून अशी पिल्ले पहिल्याच दिवशी वेगळी काढून मिळेल त्या भावाने विकली जातात. आमच्या ६९ पैकी ६६ कोंबडे निघाले. न निवडलेल्या पिल्लांत नर-मादी साधारण निम्मे-निम्मे असतात, हे गणित मांडायला लेखा विभागाचीही गरज नव्हती. अंड्यांसाठी घेतलेल्या खोक्यात तीन कोंबड्या!

अकराव्या आठवड्यात नऊ पक्षी लंगडू लागले. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून ते कुशीवर पडत, दाण्याकडे पाहत, पण उठू शकत नसत. महूच्या डॉक्टरांनी हा मरेक्स, म्हणजे कोंबड्यांचे पाय लुळे पाडणारा विषाणूजन्य रोग, असल्याचे सांगितले. या रोगाची लस पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात मानेच्या कातडीखाली टोचावी लागते. नंतर घरी देऊन उपयोग नसतो. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस आपण पाचव्या-सातव्या दिवशी स्वतः डोळ्यात थेंब टाकून देऊ शकतो आणि मी ती दिलीही होती. मरेक्सच्या बाबतीत मात्र खरेदी करणारा सर्वस्वी विकणाऱ्याच्या शब्दावर असतो. टाकाऊ नरांच्या खोक्यावर लसीचा खर्च कोण करणार? माझे ते ५०० रुपये शुद्ध नफा होते.

दुकानात गेले तेव्हा मला ‘काकू’ म्हणणारा माणूस हिंदीत बोलू लागला. बिलात कडकनाथ कुठे लिहिले आहे ते दाखवा, असे त्याने शांतपणे विचारले. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. पण जातीचा उल्लेख नसलेल्या बिलावर काय सिद्ध करणार, या प्रश्नाशी मी अडकले. हेल्पलाइनवरून फोन गेल्यावर त्याने लसीचे ५०० रुपये परत केले, तेही दोन हप्त्यांत. आगाऊ पैसे भरताना मोबाइलवरच्या संदेशात मी “कडकनाथ १०० पिल्ले, लसीसह” एवढे चार शब्द लिहिले असते तर माझी बाजू बरीच भक्कम झाली असती.

बहिणीने फोनवर आठवण करून दिली की २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात याच पक्ष्याच्या नावाने मोठी फसवणूक झाली होती, आणि तिथे पिल्ले देऊन वाढलेले पक्षी व अंडी चढ्या भावाने परत घेण्याचे आमिष होते. ‘तू निदान शंभरावर भागवलेस,’ असे ती म्हणाली. माझ्याकडे त्याला उत्तर नव्हते.

यंदा जानेवारीत मी दुसऱ्या एका दुकानात गेले. दर विचारण्याआधीच सांगितले की बिलावर जात, उबवणी केंद्राचे नाव, अंड्यातून निघाल्याची तारीख आणि मरेक्स लसीचा बॅच क्रमांक लिहून हवा. त्याने पेन गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाला, “आंटीजी, चूजे हैं, सोना नहीं.” त्यानंतर मी झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन आले. तिथे कडकनाथचे स्वतःचे उबवणी केंद्र आहे आणि पिल्लांसाठी आधी नाव नोंदवावे लागते. ज्यांची पिल्ले घ्यायची ते मोठे पक्षीही पाहता आले. एकाची चोच उघडून मी जीभ पाहिली, तेव्हा तिथला कर्मचारी हसला. नाव नोंदवले आहे. सिमरोलची शेड चुना मारून रिकामी ठेवली आहे.