सीबायोपोर्टल: जठराच्या कर्करोगातील निकामी जनुकांचा शोध

जठराच्या कर्करोगात कोणती गाठरोधक (गाठ वाढू न देणारी) जनुके निकामी होतात हे तपासायला सीबायोपोर्टल हे मोफत संकेतस्थळ फार उपयोगी आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेला टीसीजीए या अमेरिकी कर्करोग-जनुक प्रकल्पाचा २९५ गाठींचा अभ्यास निवडून टीपी५३, सीडीएच१, एआरआयडी१ए ही जनुकांची नावे टाकली, की प्रत्येक गाठीसाठी एक उभी पट्टी उमटते. तीत काळा रंग प्रथिन अर्धवट तोडणारे उत्परिवर्तन (जनुकातील बदल) दाखवतो, तर गडद निळा जनुकाच्या दोन्ही प्रती गेल्याचे सुचवतो. केवळ या रंगांवर विसंबणे मात्र धोक्याचे, कारण एपस्टाइन-बार विषाणू असलेल्या गाठींत सीडीकेएन२ए हे जनुक मिथिलीकरणाने, म्हणजे डीएनएवर रासायनिक खुणा चिकटल्याने, गप्प झालेले असते आणि ती माहिती वेगळी मागवावी लागते. नवख्याला ही पायरी चटकन सापडत नाही, एवढीच काय ती माझी तक्रार.