बॅटरी उत्तम, छपाई रद्दी: २०,००० एमएएच पॉवर बँक, आठ महिन्यांनंतर

पुण्याहून सकाळच्या फ्लाइटने कोइंबतूरला निघालो होतो. सिक्युरिटीत माझी बॅग बाजूला काढली गेली. जवानाने पॉवर बँक हातात घेतली, उलटसुलट केली, उजेडात तिरकी धरली आणि म्हणाला, "इसपे कुछ लिखा नहीं है, सर." खरंच नव्हतं. क्षमतेच्या छापील ओळीतलं एक '२' आणि अर्धं शून्य सोडलं तर सगळं गुळगुळीत काळं प्लास्टिक. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, आणि बाहेर कुणाच्या हाती द्यावी तर सोडायला कुणी आलेलं नव्हतं. १,७९९ रुपयांची चालती वस्तू ट्रेमध्ये सोडून पुढे गेलो.

स्पेक्स सगळ्यांना माहीत आहेत, ते परत लिहीत नाही. मी पंपांना लागणारे मेकॅनिकल सील विकतो. महिन्याचे बारा-तेरा दिवस कोइंबतूर, राजकोट, अहमदाबाद चालू असतं. बोर्डिंग पास, डिजियात्रा, कॅब, हॉटेलात दाखवायचं आधार, यूपीआय, ग्राहकाची ड्रॉइंग, पावत्यांचे फोटो, सगळं फोनातच. कारखान्याच्या गेटवर एंट्रीलासुद्धा ओटीपी येतो. त्या दिवशी दुपारी चारला फोन ९ टक्क्यांवर आला आणि दुसऱ्या ग्राहकाच्या गेटवर, सिक्युरिटी केबिनमधल्या सॉकेटशी मी चाळीस मिनिटं उभा होतो. मीटिंग उशिरा सुरू झाली आणि दराचं बोलणं राहूनच गेलं.

वस्तू म्हणून तक्रार नाही. माझा ५,००० एमएएचचा फोन एका भरण्यात अडीच वेळा पूर्ण चार्ज व्हायचा, आठव्या महिन्यातही तेवढाच. २०,००० लिहिलंय तर चार वेळा का नाही, असं बरेच जण विचारतात. तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला असतो. बाहेर ५ व्होल्ट किंवा जास्त करून देताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. यात कंपनीची फसवणूक नाही. महिनाभर वापरून मी पाचपैकी पाच तारे दिले होते ते यासाठीच.

पण ती अक्षरं! विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची (वॅट-अवर म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं माप) पॉवर बँक परवानगीशिवाय नेता येते. २०,००० गुणिले ३.७ भागिले १,००० म्हणजे ७४, अगदी नियमात. हे जवानाला कळणार कशावरून? त्या छापील ओळीवरूनच. आणि तीच ओळ कंपनीने रबरासारख्या मऊ कोटिंगवर वरवर छापलेली. बॅगेत किल्ल्या, चार्जर, हाताचा घाम. पाचव्या महिन्यात '७४' दिसेनासं झालं. तेव्हाच सर्व्हिस सेंटरला फोन केला होता. उत्तर मिळालं, "छपाई वॉरंटीत येत नाही, बॅटरी चालतेय ना?" नुसता स्टिकर पाठवा म्हटलं, तोही नाही. वस्तू गेल्यावर मेल केला तर पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट देऊ केली. मला सूट नको होती.

नियमावर माझा राग नाही. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान जमिनीवर असतानाच जळालं, तपासात पॉवर बँकेवर संशय आला. त्याच वर्षी २८ जूनपासून चीनने देशांतर्गत विमानांत ३सी खूण (तिथलं सुरक्षा प्रमाणपत्र) नसलेल्या पॉवर बँका बंद केल्या, खूण पुसट असली तरी नाही. हे सगळं माहीत असताना प्रवाशांसाठी म्हणून विकायच्या वस्तूवर टिकाऊ अक्षरं न घालणं मला अक्षम्य वाटतं. साच्यातच अक्षरं उठवली असती तर किती खर्च आला असता?

चार महिन्यांनी भर: दुसऱ्या कंपनीची १०,००० एमएएचची घेतली, ९९९ रुपयांना. दुकानात आधी मागची बाजू पाहिली, अक्षरांवर नख घासून पाहिलं. कोरलेली आहेत, खाली बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची खूणही. आणि एक मत बदललं: मला २०,००० ची गरजच नव्हती. रोज रात्री हॉटेलात सॉकेट मिळतोच. दिवसभराला एक भरणं पुरतं, आणि खांद्यावरचं ओझं निम्मं झालंय. राजकोटला रात्रीच्या बसने जाताना मात्र जुनीची आठवण येते.

तरीही पहिल्या दिवशीच अक्षरांवर रुंद सेलोटेपची पट्टी लावली. कडा जरा काळवंडल्यात, पण ३७ वॅट-अवर हातभर अंतरावरून वाचता येतं.