बालरुग्णालयाच्या तातडीच्या विभागाची रेफरल सेवा: पाठवणाऱ्या डॉक्टरच्या बाजूने

बाह्यरुग्ण विभागात येणारी बहुतेक मुले औषध घेऊन घरी जातात. जी जाऊ शकत नाहीत त्यांना कुठे, किती लवकर आणि कोणत्या अवस्थेत पाठवायचे, हे ठरवणे आमच्या कामातला सर्वांत जोखमीचा भाग आहे. गेली काही वर्षे मी अशी मुले एका बालरुग्णालयाच्या तातडीच्या विभागाकडे पाठवत आले आहे, आणि त्या विभागाने बाहेरच्या डॉक्टरांसाठी जी रेफरल सेवा ठेवली आहे तिच्याविषयी हे लिहीत आहे. तिच्या त्रुटींबद्दलही स्पष्ट लिहायचे असल्यामुळे रुग्णालयाचे नाव देत नाही.

सेवेची रचना साधी आहे. एकच दूरध्वनी क्रमांक आहे आणि तो स्वागतकक्षात न वाजता विभागातल्या वरिष्ठ बालरोगतज्ज्ञाकडे वाजतो. बेड आहे का, हे विचारण्यासाठी चार ठिकाणी फोन फिरवावा लागत नाही. जो फोन घेतो तोच मूल स्वीकारतो. या एका गोष्टीसाठी मी सेवेला सर्वांत जास्त गुण देईन.

फोनवर आधी वय आणि वजन विचारले जाते, आणि ते योग्यच आहे, कारण मुलांच्या औषधाची जवळजवळ प्रत्येक मात्रा किलोमागे ठरते आणि मूल पोहोचण्याआधीच ती मोजून ठेवता येते. त्यानंतरचे प्रश्न तीन गोष्टींभोवती फिरतात: मूल कसे दिसते आणि वागते, श्वासासाठी त्याला किती कष्ट पडतात आणि त्वचेचा रंग कसा आहे. मूल आईकडे बघते का, उचलून घेतल्यावर शांत होते का, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का, हातपाय गार किंवा ठिपकेदार झाले आहेत का, हे सगळे यंत्राशिवाय अर्ध्या मिनिटात सांगता येते. रक्तदाबाच्या आकड्यावर तिथले डॉक्टर विसंबून राहत नाहीत, याचे मला विशेष वाटते. मुलांमध्ये नाडीचा वेग वाढून आणि त्वचेकडचा रक्तपुरवठा आखडून रक्तदाब बराच काळ टिकून राहतो. तो घसरलेला दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

दुसरी जमेची बाजू म्हणजे निघण्यापूर्वी काय करायचे, हे फोनवरच पक्के होते. तीव्र अ‍ॅलर्जीत अ‍ॅड्रेनॅलिन किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम या हिशेबाने मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत आधी द्यायचे आणि मगच मूल हलवायचे. आकडी पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली असेल तर मिडाझोलाम हे आकडी थांबवणारे औषध नाकातून किंवा गालाच्या आत देऊन रक्तातली साखर तपासायची. अंडकोषाला पीळ पडल्याची शंका असेल तर सोनोग्राफीसाठी दुसरीकडे न थांबता, तोंडाने काही न देता, थेट पाठवायचे. या शेवटच्या स्थितीत पहिल्या सहा तासांना फार किंमत असते आणि सेवेतले डॉक्टर आमचा फोन सुरू असतानाच शल्यचिकित्सकाला कळवतात.

या सेवेचे मोल मला सर्वांत स्पष्ट दिसले ते बटण बॅटरी गिळलेल्या एका मुलाच्या बाबतीत. मूल दीड वर्षाचे होते, खेळत होते, तोंडातून थोडी लाळ गळत होती, आणि नाणे गिळले असावे अशी पालकांची समजूत होती. एक्स-रेमध्ये अन्ननलिकेत वरच्या भागात गोल सावली होती. फोनवरच्या डॉक्टरांनी विचारले, ‘कडेला दुहेरी वर्तुळ दिसते का?’ चित्र मोठे करून पाहिले तर कडेच्या आत दुसरी फिकट कडा होती. नाण्याला ती नसते. बॅटरी फुटून रसायन गळाल्यामुळेच इजा होते, असा समज अजूनही आढळतो. प्रत्यक्षात ओल्या ऊतींमधून वीजप्रवाह वाहू लागतो, ऋण टोकापाशी तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतही खोल भाजू शकते. मूल एक वर्षावरचे होते आणि बॅटरी गिळून बारा तास झालेले नव्हते, म्हणून दर दहा मिनिटांनी १० मिलिलिटर मध देत राहा, पण त्यासाठी निघायला एक मिनिटही उशीर करू नका, असे त्यांनी सांगितले. एंडोस्कोपीचा चमू तयार होता आणि मूल नोंदणीच्या रांगेत न थांबता आत गेले.

मूल पाठवू नका, असे सांगण्याची हिंमतही या सेवेत आहे. पलंगावरून पडलेले, वर्षभराचे, कपाळावर टेंगूळ असलेले मूल घेऊन पालक येतात आणि सीटी स्कॅनचा आग्रह धरतात. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, ४२ हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासावर आधारलेले निकष फोनवर एकेक करून तपासले जातात: शुद्ध हरपली होती का, टेंगूळ कपाळाखेरीज दुसरीकडे आहे का, कवटीचे हाड मोडल्याचे हाताला लागते का, पडण्याची उंची तीन फुटांपेक्षा जास्त होती का, मूल नेहमीसारखे वागते असे आईला वाटते का. सगळी उत्तरे समाधानकारक असतील तर स्कॅनची गरज नाही, हे तेच डॉक्टर पालकांशी फोनवर बोलून समजावतात. आमच्या शब्दाला त्यांचा दुजोरा मिळाला की घरातली भीती खरोखर कमी होते, आणि मूल विनाकारण किरणोत्सर्गाला सामोरे जात नाही.

आता उणिवांकडे. फोनवर जे बोलले जाते ते दारातल्या ट्रायाजच्या, म्हणजे कोणाला आधी पाहायचे हे ठरवणाऱ्या, टेबलापर्यंत दर वेळी पोहोचत नाही, आणि ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही.

तीन आठवड्यांच्या एका बाळाला माझ्यासमोर गुदमार्गाने मोजलेला ताप ३८.४ अंश सेल्सिअस होता. बाळ पीत होते, रडणे जोरकस होते, पाहणाऱ्याला ते ठीकच वाटले असते. पण २८ दिवसांच्या आतल्या बाळाला ३८ किंवा त्याहून अधिक ताप असेल तर ते कितीही चांगले दिसत असले तरी रक्त, लघवी आणि पाठीच्या पाण्याची तपासणी करून प्रतिजैविके सुरू करावी लागतात, कारण त्या वयात गंभीर जंतुसंसर्ग दुसरे कोणतेही लक्षण न दाखवता असू शकतो. फोन झाला, बाळ स्वीकारले गेले, चिठ्ठी पालकांच्या हाती दिली. रात्रीची वेळ होती. ट्रायाजच्या टेबलावर काखेत थर्मामीटर लावला गेला, ३७.२ आले, ‘आता ताप नाही’ म्हणून बाळाला सामान्य रांगेत बसवले गेले, आणि चिठ्ठी फाइलमध्ये न उघडताच राहिली. बाळाच्या वडिलांनी मला फोन केला, मी पुन्हा वरिष्ठ डॉक्टरांना कळवले, तेव्हा कुठे चक्रे हलली. आधी नोंदवलेला ताप नंतर उतरला म्हणून त्याचे महत्त्व कमी होत नाही, हे आत बसलेल्या डॉक्टरांना पूर्ण ठाऊक होते; ते दारापर्यंत गेलेले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलांसाठीच्या ट्रायाज पद्धतीत प्राधान्याची जी चिन्हे दिली आहेत त्यांत दोन महिन्यांखालील वय हे एक चिन्ह आहे, आणि दुसऱ्या संस्थेकडून तातडीने पाठवले जाणे हे स्वतंत्र चिन्ह आहे. म्हणजे या बाळाला पुढे नेण्यासाठी थर्मामीटरची गरजच नव्हती. चिठ्ठी उघडून वाचणे हा तपासणीचा भाग मानला गेला पाहिजे, आणि या बाबतीत मी सेवेला सवलत देणार नाही.

लेखी तक्रारीला उत्तर आले, ही नोंद करणे न्याय्य ठरेल. आता फोन घेणारे डॉक्टर मुलाचे वय, वजन, पाठवण्याचे कारण आणि अपेक्षित वेळ संगणकावर भरतात आणि ती नोंद ट्रायाजच्या पडद्यावर लाल पट्टीत दिसते. दिवसपाळीत हे नीट चालते. चिठ्ठीचा नमुनाही बदलला आहे. ताप उतरवणारे औषध कधी आणि किती दिले, शेवटचे दूध किंवा अन्न कधी, लसीकरण, अ‍ॅलर्जी, आणि एक रकाना मला फार उपयोगी वाटतो तो: ‘पालकांना काय सांगितले आहे.’ आपण ‘भरती करावीच लागेल’ असे सांगून पाठवले आणि तिथे चार तासांच्या निरीक्षणानंतर घरी सोडले, की पालकांचा दोन्हीकडचा विश्वास डळमळतो. त्यामुळे मी आता पालकांना पाठवण्याचे कारण सांगते, तिथे काय होईल याचे आश्वासन देत नाही.

मुलाचे पुढे काय झाले, हे कळण्याची सोय अजूनही कच्ची आहे. भरती झालेल्या मुलांचे डिस्चार्ज कार्ड येते. तातडीच्या विभागातूनच घरी गेलेल्यांचे बहुधा येत नाही. वास्तविक त्यांना दुसऱ्या दिवशी आम्हीच पाहणार असतो, आणि रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, म्हणजे कल्चरचा, अहवाल तर मूल घरी गेल्यानंतर येतो. तो पाठवणाऱ्या डॉक्टरकडे आपोआप यायला हवा.

माझ्या परिसरातल्या सहकाऱ्यांना मी ही सेवा निःसंकोच सुचवते. रात्रपाळीतली ती पट्टी मात्र अजून भरवशाची नाही, म्हणून रात्री मूल पाठवल्यावर ट्रायाजच्या टेबलावर वेगळा फोन करून परिचारिकेला वय, वजन आणि कारण पुन्हा सांगावे, आणि तिने ते लिहून घेतल्याची खात्री करूनच फोन ठेवावा.