लिव्हर बेल्ट: आधार भक्कम, पण कंबर रोज एक नसते

पॉवरलिफ्टिंगसाठी कमरेला आवळायचा, लिव्हरच्या खटक्याने मिटणारा चामडी पट्टा १० मिमी जाडीचा घेतला. आयपीएफच्या (आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या) नियमात १३ मिमीपर्यंत जाडी चालते, पण मी ६३ किलो गटातली, धड आखूड. जाड पट्टा डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून बार उचलायला, वाकताना बरगड्यांत घुसतो. नवं चामडं फळीसारखं कडक असतं, उलटसुलट गुंडाळून मऊ करावं लागतं. नंतर मात्र स्क्वाटला असा आधार मिळतो की पैसे वसूल. सेट संपला की लिव्हर खटकन उघडायचा, श्वास मोकळा.

खरी अडचण खाण्याची. चतुर्थीला मोदक हाणले की दुसऱ्या दिवशी तोच पट्टा मिटता मिटत नाही, आणि लिव्हर स्क्रूने बसवलेला, त्यामुळे भोक बदलायला स्क्रूड्रायव्हर लागतो. माझा आता डब्याच्या पिशवीतच असतो. (सासूबाई विचारतात, बँकेत काय दुरुस्त करतेस?) स्पर्धेत तर वजन दिल्यावर दोनेक तासांत स्क्वाट, मधे दहीभात आणि केळी, म्हणून एक भोक सैल करूनच जाते.

डाएटमुळे वजन सतत वरखाली होत असेल तर सरळ एका काट्याचा बकलवाला घ्या. मॉडेल आयपीएफच्या मान्य यादीत आहे ना, तेवढं आधी बघा. नाहीतर साहित्य तपासणीतच अडकाल.