गुलमर्गला सहकुटुंब स्कीइंग: खालच्या उतारांना पैकीच्या पैकी, भाड्याच्या बुटांना काठावर पास

गुलमर्गचं नाव जगभर झालं ते अफरवट शिखरामुळे. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो आणि तिथून गावापर्यंत सुमारे १,३०० मीटरचा उतार मिळतो. पण आई-बाबा, आठ वर्षांची मुलगी आणि बारा वर्षांचा मुलगा असं चौकोनी कुटुंब पहिल्यांदा स्की पायात घालणार असेल, तर अफरवट त्यांच्या कामाचं नाही. त्यांच्या कामाचा आहे तो गोंडोलाच्या खालच्या स्थानकालगतचा, सुमारे २,६५० मीटर उंचीवरचा मंद उतार. तिथले लोक त्याला ‘बेबी स्लोप’ म्हणतात. हे परीक्षण मुख्यतः त्याचंच, आणि त्याभोवतीच्या भाड्याच्या साहित्याचं व शिकवणीचं.

उतार म्हणून ही जागा उत्तम आहे. चढ सौम्य, खाली थांबायला मोठं सपाट मैदान, आणि पडलं तर मऊ बर्फ. सुटलेलं मूल सपाटीवर आपोआप थांबतं. शिकण्यासाठी याहून मोठी सोय नाही. उत्तराखंडातल्या औलीचा उतार देखणा आहे आणि समोर नंदादेवी आहे, पण जोशीमठची जमीन जानेवारी २०२३ मध्ये खचू लागल्यापासून तिथून औलीला नेणारा रोपवे बंद पडला. हिमाचलातल्या सोलांगला बर्फ लवकर विरघळतो आणि गर्दी त्याहून लवकर जमते. शिकायला देशात पहिली पसंती गुलमर्गच.

श्रीनगरहून दिवसभराची सहल म्हणून स्की करायला येऊ नका. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरच आहे, पण ताज्या बर्फात टंगमर्गच्या पुढच्या तेरा किलोमीटरच्या घाटात चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच वर सोडतात. गाडी बदलणं, साहित्य भाड्याने घेणं, बूट चढवणं यात दुपार होते आणि हाती उरते स्लेजची एक फेरी. निदान चार रात्री गुलमर्गमध्येच काढा, म्हणजे बर्फावरचे तीन दिवस पूर्ण मिळतात. पहिल्या दिवशी सगळे धडपडतात, दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं, मजा सुरू होते ती तिसऱ्या दिवशी. परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस श्रीनगरमध्ये ठेवा, कारण हिमवर्षावात आणि धुक्यात उड्डाणं रद्द होतात.

तारखांचा घोळ मात्र मराठी घरांना छळणारा आहे. नाताळच्या सुट्टीत शाळा मोकळी असते, पण बर्फाची खात्री नसते. काश्मिरातला कडक थंडीचा चिल्लई कलान २१ डिसेंबरला सुरू होऊन चाळीस दिवस चालतो, तरी त्या चाळीस दिवसांत बर्फ पडेलच असं नाही: जानेवारी २०२४ मध्ये महिना संपत आला तरी गुलमर्गचे उतार तपकिरी होते. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर हा सर्वांत भरवशाचा काळ. दहावी-बारावीचं कोणी घरात असेल तर त्या वर्षी बेत सोडून द्यावा. बाकीच्यांनी शाळेतून आठवडाभर सुट्टी मागावी. २६ जानेवारीला जोडून येणारा शनिवार-रविवार टाळा. मार्चमध्ये सकाळी उतार काचेसारखा कडक आणि दुपारी पाणचट असतो. मधले दहा ते एक एवढे तासच कामाचे.

आता बूट. गुलमर्गमधल्या भाड्याच्या दुकानांत स्की बऱ्या मिळतात, बूट मात्र नशिबावर. आणि स्कीइंग बिघडतं ते स्कीमुळे नाही, बुटांमुळे. दुकानदार ‘थोडा बडा ले लो, आराम रहेगा’ म्हणेल. तिथे मान डोलावलीत तर पुढचे तीन दिवस टाच आत उचलत राहील आणि स्की तुमचं ऐकणार नाही. स्की बुटाचं माप म्हणजे सेंटिमीटरमधली पायाची लांबी. घरीच भिंतीला टाच लावून प्रत्येकाचा पाय मोजा आणि आकडे लिहून न्या. पायात मोजा एकच घाला, पातळ, लोकरीचा किंवा सिंथेटिक, गुडघ्याखालपर्यंत येणारा. दोन मोजे घातले की रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गारठतात. पँटचं अस्तर किंवा थर्मलची कड बुटात अडकू देऊ नका, तासाभरात नडगीवर वळ उठतो.

बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत, गुडघे वाकवून नडगी पुढच्या जिभेवर रेलली की ती सुटली पाहिजेत. कोणाला तरी बूट दाबून धरायला सांगा आणि टाच उचलून बघा. अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त उचलली तर लहान माप मागा. बकल लावताना घोट्यावरचं आधी घट्ट करा, चवड्यावरची सैलच ठेवा.

त्यानंतर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका. पडल्यावर स्की पायातून सुटावी म्हणून त्यावर एक आकडा लावलेला असतो. तो वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून ठरतो. ही लांबी बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. वीस किलोच्या मुलाला साधारण एक-दीड, साठ किलोच्या नवशिक्या प्रौढाला चारच्या आसपास, पन्नाशी उलटलेल्यांना त्याहून थोडा कमी. आधीच्या गिऱ्हाईकाचा सात-आठ तसाच ठेवून स्की हातात मिळत असतील तर घेऊ नका. पडताना स्की सुटली नाही तर गुडघा पिळवटतो. दुकानदाराला वजन विचारायला लावा. जो विचारतच नाही, त्याच्या दुकानातून बाहेर पडा.

स्कीची लांबी नवशिक्या प्रौढाला हनुवटी ते नाकाएवढी, मुलांना छाती ते हनुवटीएवढी. लांब स्की ‘जास्त स्टेबल’ म्हणून गळ्यात मारतात. ती वळत नाही. मुलांना पहिले दोन दिवस काठ्या देऊच नका. मोठ्यांनी काठीच्या पट्ट्यात मनगट अडकवू नये, कारण पडताना काठी सुटली नाही की अंगठ्याचा सांधा दुखावतो.

भाड्याने घ्यायचं ते एवढंच: बूट, स्की, काठ्या, हेल्मेट. हातमोजे, गॉगल, मोजे स्वतःचे आणा. डेकॅथलॉनमध्ये ते परवडतात आणि दुसऱ्याच्या घामाचे नसतात. मुलांना बोटांचे नको, एकसंध पंजाचे हातमोजे घ्या. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. सुती कपडा एकदा भिजला की अंगावर वाळत नाही. टंगमर्गला गाडीला गराडा घालून जे लांब कोट आणि गमबूट भाड्याने देतात, ते स्कीसाठी निरुपयोगी. कोटाचा घोळ उतारावर ओढून नेणाऱ्या लिफ्टमध्ये अडकतो.

शिकवणीची प्रत प्रशिक्षकागणिक बदलते. काही माणसं अप्रतिम आहेत, काही तुम्हाला हात धरून ओढतात, फोटो काढतात आणि ‘हो गया’ म्हणतात. ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा: नोंदणीचं ओळखपत्र आहे का, एकाच वेळी किती जणांना शिकवणार, आणि दिवस म्हणजे किती तास. चौघांना एक प्रशिक्षक चालतो, त्याहून जास्त नको. मुलं आणि मोठे वेगळे शिकले तर दोघांची प्रगती लवकर होते आणि घरातली भांडणंही टळतात. साहित्य, शिकवणी आणि लिफ्ट यांचे दर वेगवेगळे विचारा; सगळं मिळून सांगितलेल्या ‘पॅकेज’मध्ये लिफ्ट बहुधा नसतेच. शिकण्याबद्दल खरंच गंभीर असलेल्या मोठ्या मुलांसाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्थेचे अभ्यासक्रम आहेत. शिस्त कडक, शिकवणं पद्धतशीर. सहलीचा मूड असलेल्यांनी तिकडे फिरकू नये.

पहिल्या दिवशी काय व्हायला हवं? आधी एकाच स्कीवर सपाटीवर चालणं, मग दोन्ही घालून उतारावर आडवं चढणं, मग स्नोप्लाऊ: पुढची टोकं जवळ, मागची लांब. मुलांना ‘पिझ्झा’ म्हटलं की लगेच कळतं. मोठ्यांची चूक ठरलेली: भीती वाटली की ते मागे रेलतात, वजन टाचांवर जातं आणि स्की आणखी पळतात. नडगीने बुटाची जीभ दाबलेली आहे ना, एवढंच बघत राहा. बाइंडिंगमध्ये पाय ठेवण्याआधी तळव्याचा बर्फ काठीने ठोकून काढा, नाहीतर खटका अर्धवट बसतो आणि पहिल्याच वळणावर स्की निघते.

ड्रॅग लिफ्ट म्हणजे दोरीला लटकणारी थाळी; ती तुम्हाला स्कीवर उभं ठेवूनच वर नेते. तिच्यावर बहुतेक जण एकाच कारणाने पडतात: थाळी पायांत आली की तिच्यावर बसतात. ती बसायला नाही, मागून ढकलायला असते. उभं राहा, स्की समांतर ठेवा, काठ्या एका हातात. पडलात तर थाळी सोडा आणि आधी मार्गातून बाजूला व्हा, मागून पुढचा माणूस येतच असतो.

स्नोबोर्ड (दोन्ही पाय एकाच फळीवर) हवा असा बाराव्या वर्षीचा हट्ट असतोच. हरकत नाही, पण पहिले दोन दिवस तो बसूनच असणार हे त्याला आधी सांगा. बोर्डचे बूट मऊ आणि चालायला सोपे, मात्र बाइंडिंग सुटत नाही आणि माणूस पसरलेल्या हातांवर पडतो. मनगटाचे गार्ड घरून आणा, तिथे क्वचितच मिळतात. सात-आठ वर्षांखालच्यांना स्कीच बरी.

गोंडोलाचा पहिला टप्पा तिसऱ्या दिवसासाठी ठेवा. त्याचं वरचं स्थानक कोंगदोरी सुमारे ३,१०० मीटरवर आहे. वर फिरून गोंडोलानेच खाली या. झाडीतून गावापर्यंत उतरणारी वाट वळणं पक्की झालेल्यांसाठी आहे. स्लेज, स्नोस्कूटर आणि फोटोवाल्यांची तिथे दाटी असते आणि सुरक्षेचं व्यवस्थापन ढिसाळ वाटतं. याचे गुण कापतो. तिकीट केबल कार कॉर्पोरेशनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच आधी काढा. दुसऱ्या टप्प्यावर स्कीसह जाऊ नका. तिथला उतार यंत्राने दाबलेला नसतो आणि ठरलेली पट्टी सोडली की हिमस्खलनाचा धोका असतो. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अनुभवी परदेशी स्कीअर इथे दगावले आहेत. वारा वाढला की तो टप्पा बंदही होतो.

हॉटेल निवडताना खोलीतून दिसणारं दृश्य नंतर विचारा, बूट कुठे वाळवायचे ते आधी. बुटाचं आतलं अस्तर रात्री बाहेर काढून ऊबदार खोलीत ठेवावं लागतं. बुखारीच्या (खोली तापवणाऱ्या शेगडीच्या) अगदी जवळ ठेवलं तर ते आक्रसतं, आणि बुखारी पेटती ठेवून खिडक्या बंद करून झोपणं धोक्याचं आहे.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, घरातला एक तरी नंबर पोस्टपेड हवा. प्रवास विम्यात हिवाळी खेळ वेगळे घ्यावे लागतात. हाड मोडलं तर श्रीनगरला बर्झुल्याच्या सरकारी अस्थिरुग्णालयापर्यंत न्यावं लागतं. खिशात खायला लोणावळ्याची चिक्की नको, थंडीत ती दगड होते. गूळ-शेंगदाण्याचा लाडू मऊ राहतो, आणि हातमोजा न काढता खाता येतो.